शिट्टी सरांचा दुसरा भाग

कुठल्याही कार्यक्रमात आभार मानायचं काम अशा माणसाकडे येतं, ज्याच्यावर दुसरं कुठलंही काम सोपवता येत नाही. आमच्या शाळेच्या सभागृहात सिनेमा दाखवला त्या दिवशी ते माझ्याकडे आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला दोन मिनिटं दिली होती. त्यातलं दीड मिनिट माईक खाली करण्यात गेलं, कारण माझ्याआधी बोललेले गृहस्थ उंच होते. मग मी 'ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे' एवढं म्हणालो आणि लोक चपला शोधायला लागले. ही शुद्ध कृतघ्नता झाली. त्या मंडळींनी जो हातभार लावला तो असातसा नव्हता. एकेकाचं नीट नाव घेतल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागायची नाही, म्हणून हे सविस्तर.

मी खेळाचा शिक्षक. मुलं मला शिट्टी सर म्हणतात आणि मला ते माहीत नाही असा त्यांचा समज आहे. गाण्याशी माझा संबंध इतकाच, की मी अंघोळ करताना गात नाही. एकदा गायलो होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरून कुणी पडलं का विचारायला माणसं आली होती. अशा माणसाकडे गेल्या वर्षी संगीताचा तास आला. आमच्या संगीताच्या बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्या लांब रजेवर गेल्या, आणि त्या वेळेला वेळापत्रकात मोकळा असणारा शाळेत मी एकटाच प्राणी निघालो. तास बंद पडला असता तर बाईंची जागाच रद्द झाली असती. तेव्हा मला गाणं शिकवायचं नव्हतंच, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी बाईंची जागा धरायची होती. रुमालाला सूर कळला नाही तरी चालतं.

बाईंनी घरून एक चिठ्ठी पाठवली होती. 'मुलांचा सा काळी दोन. बाकी कशाला हात लावू नका.' मी पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर खडूची खूण केली आणि मला जसं येत होतं तसं शिकवलं. पहिली शिट्टी झाली की श्वास, दुसरी झाली की गाणं, हात खाली आला की गप्प. मुलं सावधानमध्ये सुरू करायची आणि विश्राममध्ये थांबायची. आमचा एक माजी विद्यार्थी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. आपल्या भाचीला न्यायला म्हणून तो आला, दारात उभा राहून हे सगळं त्यानं फोनवर टिपलं, नंतर आणखी चार दिवस येऊन टिपलं आणि वीस मिनिटांचा सिनेमा केला. नाव ठेवलं 'शिट्टी सरांचा सा'. पालकांनी तो एकमेकांना पाठवला. पूर्वी लोक मला बघून हसायचे, ते आता थांबून हसायला लागले.

तो सिनेमा घेऊन मी आणि माझी बायको बाईंच्या घरी गेलो. बाई आपल्या थोरल्या बहिणीकडे राहतात. डॉक्टरांनी तीन महिने बोलू नका म्हणून सांगितलं होतं, ते संपून वर पाच महिने झाले होते, तरी बाई बोलत नव्हत्या. स्वयंपाकघरात नेऊन ताईंनी आम्हाला हळूच सांगितलं, की आवाज तसा परत आला आहे, पण जाड आणि फाटका. बाईंनी तो एकदाच ऐकला, आपल्याच तोंडावर हात ठेवला आणि तेव्हापासून सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर. राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे. रजा संपेल त्या दिवशी पाठवणार, म्हणजे पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला.

बाहेर बाई सिनेमा बघत होत्या. मुलांनी विश्राममध्ये पाय आपटला आणि मी पेटीला नमस्कार करताना माझी शिट्टी भात्यात अडकली, तिथे बाई हसल्या. आवाज नाही, पण खांदे गदागदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'दुसरा भाग कधी?' निघताना ताईंनी माझा दंड धरला. आठ महिन्यांत तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, म्हणाल्या, तर काढाच. दंड सोडण्याआधी त्यांनी माझ्याकडून हो वदवून घेतलं. बाईंनी उद्या राजीनामा दिला तर ती जागा जाणार, तास जाणार आणि त्या खोलीत मोडके बाक ठेवणार, हे मला माहीत होतं. मुलांना आयुष्यभर गाणं म्हणजे मीच वाटलो असतो. या विचारानं मलाच घाम फुटला.

पहिले आभार बायकोचे. दुसऱ्या भागात बाई परत येतात असं दाखवायचं ठरलं, तेव्हा बाईंचं काम करायला तिनं स्वतःहून होकार दिला. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

दुसरे आभार वरच्या मजल्यावरच्या काकांचे. काका वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट कमी भरते आहे हे त्यांना लांबूनच कळतं. दुसऱ्या भागात नायकाला जुळा भाऊ लागतो, असं त्यांनी जिन्यातच सांगितलं. नसेल तर निदान स्मृती तरी गेली पाहिजे. मला दोन्ही परवडणारं नव्हतं. घरात मी एक आहे तोच जास्त होतो असं बायकोचं मत, आणि स्मृतीचं म्हणाल तर भाजीची पिशवी मी रोज कुठे ना कुठे विसरतोच. मग काका म्हणाले, खलनायक हवा, आणि ते काम मीच करतो. तास बंद पाडायला आलेल्या तपासनिसाचं काम त्यांना दिलं. पण सबंध इमारत हा सिनेमा बघणार हे लक्षात आल्यावर काकांना वाईट दिसणं जड जाऊ लागलं. तालमीत ते दरडावून आत यायचे आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणायचे, तरी पण मुलांचा गळा गोड आहे हो. तिसऱ्या तालमीला त्यांनी तासाला मुदतवाढ देऊन टाकली. अशा खलनायकाविरुद्ध लढायचं कसं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

पण काकांचं एक वाक्य माझ्या मनात बसलं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा वरचा हवा, असं ते म्हणाले होते. हेच मला दूधवाल्यानं सांगितलं, इस्त्रीवाल्यानं सांगितलं, मोठ्या बाईंनीही सांगितलं. याचा मी काय अर्थ घेतला ते पुढे येईलच.

तिसरे आभार शिक्षण कार्यालयातल्या चार नंबरच्या टेबलावरच्या साहेबांचे. पहिला सिनेमा आम्ही कुणाला न विचारता काढला होता. या वेळी मोठ्या बाई म्हणाल्या, रीतसर परवानगी आणा. मी अर्ज भरला. 'चित्रपटाचा भाग' या रकान्यात ऐटीत 'दुसरा' असं लिहिलं. इथेच हात दाखवून अवलक्षण झालं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पहिल्या भागाचा परवानगी क्रमांक विचारला. तो नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं. पहिल्याच्या परवानगीची प्रत जोडल्याशिवाय दुसऱ्याची परवानगी देता येत नव्हती. मी म्हणालो, साहेब, पहिला भाग तर सगळ्यांनी पाहिलाय, तुम्हीही पाहिला असेल. त्यावर ते म्हणाले, "मी पाहिलाय, दोनदा पाहिलाय, घरात सगळ्यांना दाखवलाय. पण या खुर्चीत बसून मी तो पाहिलेला नाही."

माणूस भला होता. त्यानंच तोड काढली. पहिल्या भागासाठी आता अर्ज करा. फक्त झालेल्या गोष्टीला परवानगी मिळत नाही, होणाऱ्या गोष्टीला मिळते. तेव्हा पुढची तारीख टाका, त्या तारखेला पहिला भाग काढा, काढला असा पूर्तता अहवाल आणा, मग दुसरा. घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, आपल्याही लग्नाची काही कागदपत्रं राहिली असतील का, म्हणजे परत करताना जरा विचार करता येईल.

अशा रीतीनं आम्ही पहिला भाग पुन्हा काढायला घेतला. आता अडचण अशी, की पहिल्या भागात मुलांना काही येत नसतं. आता त्यांना येत होतं. एवढ्या महिन्यांत, शिकवायला मी असूनही, ती चांगलं गायला लागली होती. मी त्यांना बेसूर गायला सांगितलं तर ती हसायची, आणि हसणं आवरून गायली की सुरात यायची. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मला प्रामाणिकपणे विचारलं, "सर, चुकायचं कसं ते तुम्ही दाखवा ना, तुम्हाला छान जमतं." तालमीची गरज नव्हती ती फक्त मला. माझं काम पहिल्या फटक्यात ओके झालं आणि त्याबद्दल माझं टाळ्या वाजवून कौतुक झालं. तो अपमान होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

आमचा फोटोवाला या वेळी मोठा कॅमेरा घेऊन आला होता. चौथे आभार त्याचे, कारण त्यानं सगळं फुकट केलं, पण सगळं लग्नासारखं केलं. कुणी रडत असो, भांडत असो, तो म्हणायचा, इकडे बघा, हनुवटी किंचित वर, स्माइल. प्रत्येक प्रसंगानंतर ग्रुप फोटो. पुढे दुसऱ्या भागात काका तास बंद पाडायला दारातून आत येतात, तिथे त्यानं त्यांना दोनदा परत पाठवून सावकाश यायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी फुलांच्या पाकळ्या पाडल्या. मी आणि पेटी यांना त्यानं बदामाच्या आकारात बसवलंय. ते अजून तसंच आहे.

पहिला भाग झाला, पूर्तता अहवाल गेला. चार नंबरच्या साहेबांनी तो अहवाल स्वतः हातात घेऊन तीन टेबलं फिरवला, एका टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता तर त्याच्या डब्यापाशी जाऊन सही आणली. तरीही दुसऱ्या भागाला मिळालेली तारीख महिन्याची शेवटचीच निघाली, म्हणजे बाईंची रजा संपण्याची तारीख. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत हजेरीपटावर बाईंची सही झाली नाही तर सगळं संपलं. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, याच्याआधीची तारीख माझ्या हातात असती तर मी तुम्हाला कालचीच दिली असती.

मधल्या तीन आठवड्यांत मी मुलांना तयार केलं. इथे मला माझा अपराध सांगायला हवा. दुसरा भाग वरचा हवा ना? उंच उडीत आम्ही काय करतो? पोराला दांडी जमली की ती बोटभर वर सरकवतो. असंच पोरगं वाढतं. मी पेटीवरची खडूची खूण पुसली आणि पहिल्या आठवड्यात काळी दोनची काळी तीन केली. मुलांनी ओढून गायलं. दुसऱ्या आठवड्यात काळी चार. मुलांचे चेहरे लाल, मानेच्या शिरा ताठ, टाचा उचललेल्या. मला भरून आलं, कारण मैदानावर याला आम्ही जिद्द म्हणतो. पांढऱ्या पट्ट्यांकडे मी वळलोच नाही, त्या दिसायलाच खाली असतात. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच जणांचे आवाज बसले. त्यांना मी कोमट पाण्याच्या गुळण्या लावून दिल्या आणि खेळात एवढं चालायचंच असं सांगून धीर दिला. शूटिंगच्या दिवसासाठी मी काळी पाच राखून ठेवली होती.

आदल्या दिवशी आम्ही बाईंना बोलवायला गेलो. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात बायकोनं, काही वाईट हेतू नव्हता तिचा, तुमचं काम मीच करतेय असं बाईंना सांगितलं आणि कसं करणार त्याची दोन ओळी गाऊन झलकही दिली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग चिठ्ठी लिहिली, 'मी येते. फक्त बघायला.' 'फक्त'च्या खाली दोन रेघा होत्या. त्या गाण्याबद्दल मी बायकोचे आभार तिथल्या तिथे मानले, आणि लग्नानंतर तिच्या गाण्याबद्दल मी आभार मानण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी बाई ताईंबरोबर आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. त्यांच्या पर्समधून लांब पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. ते काय आहे हे मला कळलं, मोठ्या बाईंनाही कळलं, आणि त्या दारापाशी उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणाला, स्माइल. मी एका हातानं भाता मारला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं काळी पाच दाबली.

पहिली शिट्टी. दुसरी शिट्टी. मुलं गायली. गायली म्हणजे काय, त्या सुराला लोंबकळली. वरच्या ओळीला पहिल्या रांगेतल्या त्या मुलीनं टाचा उचलल्या, डोळे मिटले, आणि तिचा आवाज चिरकून तुटला. ती खोकायला लागली. तरी मी हात खाली आणला नाही. पुन्हा, असं म्हणून मी शिट्टी तोंडात धरली.

"खाली घ्या."

आवाज मागून आला. जाड, खरखरीत, मधेच फाटलेला. कुणाचा ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. मी काकांकडे बघितलं. काका बाईंकडे बघत होते.

बाई उभ्या राहिल्या होत्या. "मुलांचे गळे फाडताय तुम्ही. काळी दोन सांगितलं होतं ना मी? गळा गेला की काय होतं, माहीत आहे का तुम्हाला?" शेवटच्या शब्दांना आवाज पुरला नाही, नुसती हवा आली. पण त्या चालत पुढे आल्या, त्या खोकणाऱ्या मुलीला पाणी प्यायला लावलं, मला हातानंच बाजूला सारलं आणि पेटीवर बसल्या. काळी दोनचा सा लावला. मुलांनी तो ऐकला आणि त्यांचे खांदे आपसूक खाली आले.

मग बाई गायल्या. मुलांना ओळ सांगायची म्हणून गायल्या, दुसऱ्या कशासाठी नाही. मुलं त्यांच्यामागून गायली. तिसऱ्या ओळीला बाईंचा आवाज मधोमध तुटला. बाईंचा हात भात्यावरच थिजला, पेटी बंद पडली आणि दुसरा हात तोंडाकडे जायला लागला.

परेडमध्ये कुणाचं पाऊल चुकलं, तर आमची रांग त्याला सोडून पुढे जात नाही. जागच्या जागी कदमताल करते, त्याचं पाऊल जुळलं की सगळे मिळून निघतात. हे मी मुलांना मैदानावर शिकवलंय. गाण्यात असं काही असतं की नाही मला ठाऊक नाही. पण चाळीस मुलांनी, मी शिट्टी दिली नसताना, हूं की चूं केलं नसताना, जागच्या जागी पाय हलवायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, उजवा. आणि तोंडानं तो सा धरून ठेवला. कुणी पुढे गेलं नाही. कुणी बाईंकडे टक लावूनही बघितलं नाही. सगळी समोर बघत होती, परेडमध्ये बघतात तशी.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तोंडाकडे निघालेला हात मधेच राहिला. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, हात भात्यावर परत गेला, आणि तिसरी ओळ त्यांनी पहिल्यापासून, तशाच फाटक्या आवाजात, पुरी केली. मुलं त्यांना येऊन मिळाली. माझ्या शेजारी काकांनी नाक शिंकरलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

गाणं संपल्यावर मोठ्या बाई हजेरीपट घेऊन आत आल्या. शाळा सुटायला अर्धा तास होता. बाईंनी पर्स उघडली, ते पाकीट बाजूला सारलं आणि खालून पेन काढलं. सही करून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता या माझे आभार मानणार. मी मान किंचित खाली घातली, हनुवटी फोटोवाल्याला हवी तशी ठेवली, चेहऱ्यावर 'छे छे, त्यात काय' असा भाव आणला.

"सर," बाई म्हणाल्या, "तास संपायला पंचवीस मिनिटं आहेत आणि हा तास माझा आहे. तुम्ही बाहेर जा. आणि ती शिट्टीही न्या."

मी बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं. त्या सिनेमाचा शेवट त्यामुळे नायकाशिवायच झालाय. शेवटच्या प्रसंगात माझं फक्त कोपर दिसतं, आणि तेही जाताना. मैदान मोकळं होतं. आतून सा ऐकू येत होता, अगदी खालचा, सोपा, मलाही लावता येईल असं वाटण्यासारखा. मी तो लावला नाही. नुसता उभा राहिलो. शाळेत असताना मला वर्गातून पुष्कळदा बाहेर काढलंय, लग्नानंतर स्वयंपाकघरातून काढलंय, पण इतक्या आनंदानं मी कुठूनही बाहेर पडलेलो नाही.